लाव्यांची पिल्लं आणि वच्छी

लाव्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा अंगठ्याच्या पेराएवढं असतं. अंगावर पिवळट लव, पाठीवर काळ्या रेघा, आणि तळहातावर घेतलं तर वजन असं लागतच नाही, नुसत्या गुदगुल्या होतात. कोंबडीची पिल्लं मायेच्या पंखाखाली शिरतात. आमच्याकडं आलेली लाव्यांची पिल्लं मशिनीत निघालेली, त्यांना माय नव्हतीच. ती ऊब आपण द्यायची, पहिले तीन आठवडे, अखंड. ती जरा कमी झाली तरी पिल्लं माना टाकतात आणि जरा जास्त झाली तरी टाकतात. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, आणि ही ऊब राखायची कला अख्ख्या गावात फक्त मला येते, याचा मला फार ताठा होता.

आमचं गाव नायगावपासून दोन कोसांवर. घरात तीनच माणसं, दादा, माय आणि मी. माझ्या पाठीवर कुणी आलं नाही, त्यामुळं घरातलं जे काही गोडधोड, कोडकौतुक, ते सगळं माझ्या एकटीच्या वाट्याचं. दुधावरची साय माझी, भाकरीचा पापुद्रा माझा, हरभऱ्याच्या पहिल्या डहाळ्या माझ्या. घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे लाकडाच्या तुळयांवर हातभर मातीचं छत. उन्हाळ्यात आत गेलं की माठात शिरल्यासारखं गार वाटायचं. मागच्या अंगणात दादांनी एक शेड घातलं होतं. वर पत्रा, तिन्ही बाजूंनी तुराट्यांचा कूड शेणानं लिंपलेला, आणि उत्तरेच्या बाजूनं नुसतं बांबूचं विरळ तट्टं, त्याच्यावर गोणपाटाचा पडदा. लाव्यांची पिल्लं त्या शेडात.

ती आमच्याकडं आली खादरचाचांमुळं. खादरचाचा दादांचे नांदेडचे दोस्त. जुन्या बाजारात त्यांचं अंड्यांचं दुकान होतं आणि घराच्या मागच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन. ते लाव्याला बटेर म्हणायचे. एका सकाळी भोकं पाडलेली तीन खोकी मांडीवर घेऊन ते एसटीनं आले, आणि दिवसभर बसून त्यांनी मला सगळं शिकवलं. मलाच, कारण दादांचा हात राकट, त्यांनी पहिलंच पिल्लू उचलताना ते घाबरून निसटलं. आणि माय शेतात. चाचांनी पत्र्याची लांब पट्टी गोल वळवून कडं केलं, त्यात भुसा पसरला, भुश्यावर गोणपाट अंथरलं. वर्तमानपत्र टाकायला मी निघाले तर म्हणाले, कागदावर पाय घसरतात, एकदा पाय फाकले की ते पिल्लू गेलंच म्हणून समज. मध्यभागी बांबूचं पालथं टोपलं टांगलं, त्यात साठचे दोन बल्ब. पाण्याला चहाच्या बश्या, आणि बश्यांत खडे, नाहीतर एवढीशी पिल्लं एवढ्याशा पाण्यात बुडून मरतात. मका आणि शेंगदाण्याची पेंड खलबत्त्यात कुटून, रव्यासारखी चाळून घालायची.

मी विचारलं, ऊब बरोबर हाय का न्हाई ते कसं कळायचं? चाचांनी कड्याकडं बोट केलं. "पिल्लांनाच विचार, बेटी. दिव्याखाली गोळा झाली म्हंजे थंडी. दिव्यापासून पळून चोच उघडली म्हंजे गर्मी. अन् बाजरीच्या भाकरीवर तीळ पसरतात तशी पसरली, की समज बरोब्बर."

ते मी विसरले नाही. पहिल्या आठवड्यात बल्ब खाली, मग दर आठवड्याला चार बोटं वर. मी वही-पुस्तक घेऊन शेडातच बसायची. पिल्लांचा आवाज बारीक, एकसारखा, लांबून ऐकला तर कुणीतरी तांदूळ पाखडतंय असा. पहिल्या खेपेला अडीचशेतली दोनशेच्या वर जगली. दादा पारावर बसले की सांगायचे, आमच्या शकूच्या हाताला जीव लागतो. मी विहिरीवरून येताना ते ऐकायची आणि मुद्दाम हळू चालायची.

मग तो भूकंप झाला. आमच्याकडं पहाटे फक्त मांडणीवरची भांडी वाजली आणि कुत्री भुंकली. मामाचं गाव किल्लारीजवळ. तिसऱ्या दिवशी माय आणि दादा तिकडं गेले, आणि आठ दिवसांनी आले ते वच्छीला घेऊन. वच्छी माझ्या मामाची मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मामा, मामी आणि तिचा धाकटा भाऊ शिवा, तिघंही गेले. वच्छी एकटी राहिली. तिच्या अंगावर कुणीतरी वाटलेला फ्रॉक होता, तिच्या मापाहून मोठा, शहरातल्या मुलीचा. हाताला पट्टी. ती बैलगाडीतून उतरली आणि आमच्या दाराशी येऊन थांबली. माय म्हणाली, ये ना बाळा. वच्छीनं वर माळवदाकडं पाहिलं आणि ती मागं सरकली. संध्याकाळपर्यंत ती अंगणात लिंबाखाली बसून राहिली. मायनं तिथंच ताट नेलं, तिथंच तिला भरवलं. मी उंबऱ्यात बसून बघत होते. खरं सांगते, त्या वेळी मला रडू आलं होतं. मी उठून माझा निळा स्वेटर तिला नेऊन दिला. कुणी सांगितलं नव्हतं, मी आपणहून दिला. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात माझ्या बाजूचं म्हणून एवढंच आहे.

वच्छी काही केल्या घरात झोपेना. अंगणात थंडी. शेवटी तिनंच शेडाकडं बोट दाखवलं. पत्रा हलका, पडला तरी माणूस मरत नाही, असं ती म्हणाली, साधं, जेवायला काय आहे सांगावं तसं. त्या दिवसापासून तिची वाकळ शेडात, पिल्लांच्या कड्याच्या कडेला. माझी बसायची जागा तीच होती. जिचं सगळं गेलं तिच्याकडून एक कोपरा मागायचा?

जळणं कुठून सुरू झालं ते मला नेमकं सांगता येणार नाही. बहुतेक सायीपासून. एका सकाळी मी सायीची वाटी घ्यायला फडताळाशी गेले तर वाटी रिकामी. माय म्हणाली, वच्छीला दिली गं, तिच्या अंगात काही उरलं न्हाई. मी म्हणाले बरं. मग पापुद्रा गेला. मग माय रोज सकाळी तिच्या डोक्याला तेल लावायला बसू लागली, तिला दोन्ही गुडघ्यांच्या मधे घेऊन, आणि तेल लावताना तिच्या कानाशी काहीतरी बोलायची, मामाच्या लहानपणचं, त्या दोघा भावंडांचं. मी जवळ गेले की बोलणं थांबायचं. थांबत नसेलही, पण मला तसं वाटायचं. माझी वेणी मीच घालू लागले. मायनं दोन दिवसांनी पाहिलं आणि म्हणाली, शाणी झाली माझी लेक. त्या शाबासकीनं मला इतका राग आला की मी वेणी सोडून टाकली आणि दिवसभर तशीच झिपरी हिंडले. मायचं लक्षच नव्हतं.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की हे कुणाला सांगायची सोय नव्हती. शेजारची सासुरवाशीण जावेवर जळते तर तिला ऐकणारं कुणी भेटतं. मी कुणावर जळत होते? मायबाप मेलेल्या पोरीवर. तोंडातून एक शब्द निघाला असता तर गावानं शेण घातलं असतं तोंडात, आणि ते बरोबरच होतं. त्यामुळं मी तिच्याशी फार गोड वागायची. वच्छे, अजून अंबाडीची भाजी घे. वच्छे, हे धपाटं गरम हाय. माझ्या गोडव्यानं मलाच कडू व्हायचं.

मायपुरतं असतं तर मी निभावलं असतं. पण वच्छीनं पिल्लंही घेतली. घेतली म्हणजे तिनं मागितली नाहीत, ती तिच्याकडं गेली. रोज त्यांच्या कडेला पडून तिला त्यांचा आवाज असा कळू लागला की मी पिल्लं बघून सांगायची ते ती पाठ फिरवून सांगायची. आम्ही दोघी चुलीपाशी असलो, मी लाटत, ती भाजत, की मधेच म्हणायची, अक्का, त्यांना ऊन लागून राहिलं. आणि उठून जायची. मी पाठोपाठ जाऊन बघायची तर खरंच, दुपारचा पत्रा तापलेला, पिल्लं कड्याला चिकटून चोची उघडून बसलेली. ती टोपलं वर ओढायची आणि जरा वेळानं पिल्लं पसरायची, चाचा म्हणाले होते तशी, भाकरीवरच्या तिळासारखी. पुढच्या खेपेला तिच्या हाताखाली पिल्लं मेली ती बोटावर मोजण्याइतकी. खादरचाचा आले, कड्याशी बसले, बराच वेळ बघत राहिले. मग दादांना म्हणाले, ही पोरगी तर बटेरची बोली समजते. दादा हसले. भूकंपानंतर दादांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. ते वच्छीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, हाव, हिच्या हाताला जीव लागतो.

तेच शब्द. दादांना आठवतही नसेल की ते माझे होते.

पौषात, ऐन थंडीत, चाचांनी तीनशे पिल्लं आणली. चौथ्या दिवशी मायला आणि वच्छीला किल्लारीकडं जावं लागलं. नव्या घरांच्या यादीत वच्छीचं नाव घालायचं होतं, ती स्वतः हजर पाहिजे होती. जायला लागणार दोन-तीन दिवस. दादा म्हणाले, पिल्लांचं शकू बघंल, तिला येतंच की. त्या "येतंच की"नं मी सुखावले. वाटलं, या तीन दिवसांत एकही पिल्लू मरू द्यायचं नाही. मग घर काय म्हणतं ते बघू.

निघताना वच्छी मला शेडात घेऊन गेली. माझ्या शेडात, मला. उत्तरेकडचा पडदा ऊन वर आल्याशिवाय उचलू नको म्हणाली. वारा सुटला तर टोपलं दोन बोटं खाली घे. आणि मग, अगदी मायेनं, माझा हात धरून म्हणाली, "अक्का, ती कुरकुर करायची थांबून किंचाळाय लागली की लगेच ये हां. तुला कळंल ना आवाज?"

तुला कळंल ना. मी मान डोलावली. त्या शब्दांनी मला जे झालं ते मी आज, पन्नाशीला टेकल्यावरही, तसंच्या तसं सांगू शकते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

दोन दिवस पिल्लं छान राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ आलेलं, बोचरा वारा. दादा दळण घेऊन गिरणीवर गेले. मी शेडात गेले, पिल्लं टोपल्याखाली जरा दाटीनं बसली होती. काय करायला पाहिजे ते मला ठाऊक होतं. टोपलं दोन बोटं खाली. पण ती दोन बोटं वच्छीची होती. मी मनाशी म्हणाले, चाचांनी तर सांगितलंय हवा कोंडू देऊ नको, शेडात वास येऊन राहिला. वास येत नव्हता. मी उत्तरेचा पडदा गुंडाळून वर बांधला, टोपल्याला हात लावला नाही, आणि घरात येऊन बसले. माझ्या पद्धतीनं करून बघते, एवढंच मी ठरवलं होतं. पिल्लं मरावीत असं मनात नव्हतं. नव्हतं, असं मी अजूनही म्हणते.

मी शेंगा फोडत बसले. चूल विझत आली होती. पहिल्यांदा आवाज बारीक चढला. मग तो बदलला. तांदूळ पाखडल्यासारखा राहिला नाही, एकेक, टोचणारा, वरच्या पट्टीतला झाला. मला तो कळला. पूर्ण कळला. आणि कळल्यावर माझ्या डोक्यात आलं ते असं, की बघ, मलाही कळतो. मी शेंग फोडली, दाणे परातीत टाकले. उठते, एवढ्या फोडून उठते. दादांनी यावं आणि त्यांनी म्हणावं, शकू, पिल्लं बघ गं, असं काहीतरी मला पाहिजे होतं. कुणीतरी मला म्हणावं. किती वेळ गेला सांगता येत नाही. परातीत दाणे ओंजळभरच होते, म्हणजे फार नसेल. मग आवाज कमी झाला, आणि तेव्हा मात्र मी धावले.

वारा उत्तरेकडून सरळ आत येत होता. सगळीच्या सगळी पिल्लं कड्याच्या दक्षिण बाजूला एकमेकांवर चढली होती. थंडी वाजली की पिल्लं तेच करतात, शेजारच्याच्या अंगाखाली घुसतात, त्याच्यावर दुसरं, त्याच्यावर तिसरं. वीतभर उंच ढीग झाला होता, पिवळा, हलणारा. मी पडदा सोडला, टोपलं खाली ओढलं आणि वरची पिल्लं उचलून दिव्याखाली ठेवू लागले.

मागून दार वाजलं. वच्छी होती, तिच्यामागं माय. त्यांचं काम आदल्या दिवशीच झालं होतं, नांदेडला खादरचाचांकडं उतरून त्या सकाळच्या पहिल्या गाडीनं आल्या होत्या. वच्छीच्या हातात चाचीनं दिलेली पिशवी होती, ती तिनं तिथंच टाकली आणि कड्यात उतरली, गुडघ्यांवर. मला तिनं कोपरानं बाजूला सारलं. तिनं दोन्ही हात ढिगाच्या तळाशी घातले आणि खालची पिल्लं बाहेर काढू लागली. मी म्हणाले, वरची जिवंत हायत, ती आधी.

"खालची आधी काढायची," ती म्हणाली. "वरची मरत न्हाईत. खालची आधी."

ती खालून काढत राहिली. चपटी झालेली, ओली, माना पडलेली. एकेक तोंडाजवळ नेऊन फुंकायची, ओढणीत टाकायची, पुढचं. आणि हात न थांबवता, वर न बघता बोलत होती. आमच्याकडं आल्यापासून तिनं त्या पहाटेचं एक अक्षर काढलं नव्हतं. "मी वर होते. शिवा माझ्या खाली होता. तो माझं पोट चिमटत होता, म्हंजे होता तो. लोकांनी मला आधी काढलं. मी म्हणत होते खाली शिवा हाय, खाली शिवा हाय. ते म्हणले, आधी तू ये बाळा. मला काढताना वरचं सगळं खाली बसलं."

मायनं तोंडावर पदर घेतला. मी तिथंच उभी होते, हातात एक जिवंत पिल्लू.

सव्वाशे मेली. वच्छीनं फुंकून, ओढणीत धरून वीस-पंचवीस परत आणली. दादा आले तेव्हा मेलेली पिल्लं पाटीत काढून ठेवलेली होती. दादांनी पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काय झालं, असं त्यांनी विचारलं, आणि मी म्हणाले, लाईट गेली होती. सहज आलं ते तोंडात. लाईट रोजच जायची. वच्छीनं मान वर करून सुस्कारा सोडला, जणू तिला तेवढं कारण पुरलं. दादांच्या खांद्यावर पिठाचा डबा होता. गिरणी विजेवरची. डबा त्यांनी खाली ठेवला, त्याच्यावर हात ठेवून जरा उभे राहिले. पीठ अजून गरम असणार. त्या दुपारी त्याच पिठाच्या भाकरी झाल्या आणि आम्ही चौघांनी त्या खाल्ल्या.

तीन दिवस दादा माझ्याशी लागेल तेवढंच बोलले. चौथ्या दिवशी मी त्यांना आंघोळीचं पाणी काढून दिलं तेव्हा ते बादलीकडं बघत म्हणाले, "गिरणी बंद नव्हती, शकू."

ओरडले असते, एक ठेवून दिली असती, तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी ते माझ्यापाशी ठेवलं आणि तांब्या उचलला.

त्याच दुपारी मी वच्छीला सांगितलं. ती अंगणात बश्या घासत होती, मी खडे धूत होते. मी सांगितलं की लाईट गेली नव्हती. पडदा मी उचलला होता. आवाज मला ऐकू आला होता. ती बशी घासायची थांबली.

"तुला कळलं होतं?"

"हाव."

"अन् तू बसून राहिलीस."

"हाव."

तिला ठाऊक असेल, निदान संशय आला असेल, असं मला वाटत होतं. नव्हतं. तिनं माझ्यावर साफ विश्वास ठेवला होता, तो माझ्या डोळ्यांसमोर तिच्या तोंडावरून उतरला. मी म्हणाले, मला तुझा राग येत होता, माय तुझीच झाली, दादा तुझेच झाले, पिल्लंसुद्धा. बोलायला लागले तर सगळंच बाहेर पडलं, सायीची वाटीसुद्धा. तिनं सगळं ऐकून घेतलं. बशी धुऊन पालथी घातली. मग म्हणाली, "मी तुझ्यावर रोज जळते, अक्का. तू सकाळी उठतीस अन् माय म्हणून हाक मारतीस, अन् ती ओ देते. मी शेडात पडून ऐकते. रोज जळते. पण मी तुझं काही मारलं न्हाई."

ती उठून शेडात गेली. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मायनं दोघींना विचारलं, दोघींनी काही नाही म्हणून सांगितलं. संक्रांतीला तिनं मला तिळगूळ दिला, मायच्या देखत, आणि शब्द बोलली नाही. मग एके दिवशी शेडातून हाक आली, अक्का, टोपलं नव्यानं टांगायचंय, दोरी धर. मी गेले आणि दोरी धरली. आमचं मिटलं असं म्हणता येणार नाही. पण टोपलं टांगायला दोन माणसं लागायची आणि दिवसा घरात आम्ही दोघीच असायचो.

तिचं लग्न निलंग्याकडं झालं. तिनं तिकडं लाव्यांचं केलं, वाढवलं. आज तिच्या शेडात हजारो पिल्लं असतात, गॅसवर चालणारी ऊब, थंडी वाढली की तिच्या लेकाच्या मोबाइलवर घंटी वाजते. मी नांदेडला आले, शाळेत शिकवलं, आता घरी असते. दादा गेल्यावर माय माझ्याकडं राहायला आली, पण दर वर्षी महिना-दोन महिने वच्छीकडं जाऊन राहायची आणि तिथून आली की आठ दिवस तिचंच कौतुक. मी ऐकून घ्यायची. आत जे व्हायचं ते व्हायचंच. वय वाढलं की माणसाचं हे जातं असं लोक म्हणतात. माझं गेलं नाही. फक्त ते आलं की मी उठून काहीतरी काम काढते, हात रिकामे ठेवत नाही.

मायची शेवटची दोन वर्षं अंथरुणावर गेली. तिचं सगळं मी केलं. शेवटी शेवटी ती माणसं ओळखेनाशी झाली. मला ती कधी बाई म्हणायची, कधी नर्सबाई. नाव म्हणून माझं तिच्या तोंडी सहा महिने आलं नव्हतं. वच्छीला मी फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी आली, सकाळची अकराची वेळ, अंगावर प्रवासाची धूळ तशीच. मी चहा ठेवायला आत गेले. ती मायच्या उशाशी बसली आणि तिनं मायचा हात हातात घेतला. मायनं डोळे उघडले, तिच्याकडं बराच वेळ पाहिलं, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "शकू, आलीस का गं?"

मी चहाचे कप घेऊन दारात पोचले होते. वच्छीनं वळून माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे म्हणत होते, तू ये, तू सांग. आयुष्यभर तिनं माझ्या मायला आत्याच म्हटलं. मी मानेनं तिला नाही म्हणून खुणावलं आणि पाऊल उंबऱ्याच्या अलीकडंच ठेवलं.

वच्छीनं मान फिरवली, मायच्या तोंडावर वाकली आणि म्हणाली, "आले, माय."